गहू सोडला, पण पोट ऐकेना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मुळशी तालुक्यातल्या बाईला डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला, तर त्यात रेडिओवर बोलण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. आमचा तालुका भाताचा. पौडपासून ताम्हिणी घाटापर्यंत पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे खाचरं. खाचरात इंद्रायणी नाहीतर आंबेमोहोर, आणि डोंगराच्या उताराला नाचणी, वरई. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. त्या जमिनीही मुख्यतः भाताच्याच. अशा मुलखात गव्हावाचून कुणाचं अडावं?

माझं अडलं. गहू मिळाला नाही म्हणून नव्हे, तर गहू सोडल्यावरही पोटाचा त्रास थांबला नाही म्हणून. तो का थांबला नाही आणि पुढे कसा थांबला, एवढंच आज सांगायचं आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ज्यांनी गहू सोडला आहे आणि तरीही ज्यांचं पोट ठिकाणावर नाही, त्यांना त्यातून काही धरायला मिळालं तर बरं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर शिरूर तालुक्यातलं, ज्वारी-गव्हाचं. सासर मुळशीतलं. वयाच्या पस्तिशीनंतर माझं पोट बिघडायला लागलं. जेवलं की पोट फुगायचं, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायचं, आणि रक्त तर वाढता वाढेना. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास. लोहाच्या गोळ्या घेतल्या, बीट खाल्लं, गूळ-शेंगदाणे खाल्ले, आकडा हलला नाही. अखेर २०१५ साली पुण्याच्या एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी केली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहिला, आणि सांगितलं, ‘तुम्हाला सिलिॲक आहे.’

हा आजार काय आहे, ते थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना फाटत नाही, ती या ग्लूटेनची करामत. काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटतं. शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि त्या लढाईत आपल्याच आतड्याचं नुकसान करून घेतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम तिचं. ती लव झडते. मग खाल्लेलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगाला लागत नाहीत. माझं हिमोग्लोबिन का वाढत नव्हतं, त्याचं उत्तर हे होतं. या आजारावर आज तरी एकच इलाज आहे, तो म्हणजे ग्लूटेन जन्मभर बंद.

हे सारं गव्हामुळे होतं, हे वैद्यकाला फार उशिरा कळलं. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ साली आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि आहारानंच तो बरा होईल असंही सुचवलं. पण कोणत्या आहारानं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. १९३० च्या दशकापासून त्यांना संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, हॉलंडमध्ये अन्नाचा भीषण तुटवडा पडला, पाव मिळेनासा झाला. युद्धकाळातल्या अनुभवानं त्यांचा संशय बळावला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गहू हा गुन्हेगार ठरला.

आपल्या देशाचं चित्रही पाहण्यासारखं आहे. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात केलेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्तरेत या आजाराचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, तर दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास आढळलं. या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात होती. ठळक फरक होता तो रोजच्या गव्हात. म्हणजे आजाराची ठिणगी भात खाणाऱ्यांतही आहे, फक्त तिला सरपण कमी मिळतं.

आमच्याकडे ते सरपण अलीकडचं आहे. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी पोळी सणाला व्हायची. होळीला पुरणाची, एरवी पाहुणा आला तर. रोज भात आणि तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि परदेशी गहू रेशनवर यायला लागला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हरितक्रांती झाली, देशातलाच गहू मुबलक झाला. आता आमच्या तालुक्याच्या एका टोकाला ताम्हिणीचं जंगल आहे आणि दुसऱ्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क. मधल्या प्रत्येक गावात चहाबरोबर बिस्किटं, मुलांच्या डब्यात पोळी-भाजी आणि वाढदिवसाला केक.

म्हणून गहू बंद झाल्याचं मी घरी सांगितलं, तेव्हा सासूबाई हसल्या. म्हणाल्या, ‘अगं, तुला भाताच्या मुलखात दिलीय. गव्हाचं काय घेऊन बसलीस!’ आणि त्यांनी मला तांदळाची भाकरी नीट शिकवली. तांदळाच्या पिठात चिकटपणा नसतो, गार पाण्यात भिजवलं तर भाकरी थापताना तडकते. म्हणून आधी पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून उकड काढायची आणि कोमट असताना भरपूर मळायची. ग्लूटेन जे काम करतं, ते इथं उकळतं पाणी करतं. हे आमच्या बायकांना डिकेसाहेबांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

पहिले सहा महिने छान गेले. पोट शांत झालं, हिमोग्लोबिन अकराला आलं. वर्गात दिवसभर उभं राहण्याची ताकद आली. आणि २०१६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा सगळं सुरू झालं. तेच फुगणं, तेच जुलाब, तोच थकवा. गव्हाचा कण खात नव्हते, मग हे कशानं?

डॉक्टरांनी त्या वेळी एक मोलाची गोष्ट केली. आधी अन्नावर चर्चा न करता टीटीजीची तपासणी पुन्हा करायला लावली. आहार पाळला की हा आकडा हळूहळू उतरतो. माझा उतरत आला होता, तो पुन्हा चढला होता. ते म्हणाले, ‘बाई, गहू कुठून तरी येतोय. आधी तो शोधा. तो सापडल्यावरही त्रास राहिला, तर मग बाकीच्या अन्नाकडे पाहू.’ हे दोन वेगळे शोध आहेत. दोन्ही एकदम सुरू केले, की माणूस घाबरून एकेक पदार्थ सोडत जातो आणि शेवटी ताटात पांढऱ्या भाताशिवाय काही उरत नाही. अशी माणसं मी नंतर पाहिली आहेत.

मी एक वही घातली. तारीख, काय खाल्लं, कुणाच्या हातचं, कुठलं पीठ, आणि पोट कसं होतं. तीन आठवड्यांनी वहीत एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. पोट बिघडलं की ते एका दिवसात न सुधारता आणखी बिघडायचं. आणि पोट बिघडल्यावर मी काय खात होते? सासूबाई मायेनं करून द्यायच्या तो मऊ भात आणि मेतकूट. गॅस धरला की ताकात चिमूटभर हिंग.

मेतकुटात डाळी आणि तांदूळ असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक मेतकुटात मूठभर गहूही भाजून घालतात. दळल्यावर तो दिसत नाही आणि नावात तर नसतोच. हिंगाची गोष्ट त्याहून नवलाची. हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराणकडून येणाऱ्या एका झाडाच्या मुळाचा चीक. तो इतका उग्र असतो, की तसाच वापरता येत नाही. म्हणून त्यात गोंद आणि पीठ मिसळून बाजारात आणतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काहींमध्ये तांदळाचं असतं. डबीवर घटक लिहिलेले असतात, पण डबी एवढीशी आणि अक्षरं मुंगीएवढी. मी भिंग घेऊन वाचलं. आमच्या डबीत गव्हाचं पीठ होतं.

श्रोतेहो, विचार करा. आमटीत हिंग, पिठल्यात हिंग, लोणच्यात हिंग, आणि पोट दुखलं की औषध म्हणूनही हिंग. आजारी माणसासाठी म्हणून जे दोन पदार्थ आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या दिले जातात, त्या दोन्हींतून गहू माझ्या पोटात जात होता. हे दोष देण्यासाठी सांगत नाही. निरोगी पोटाला मेतकूट-भातासारखं अन्न नाही. पण ज्याला गहूच विष आहे, त्याच्यासाठी ते वेगळं करावं लागतं. आम्ही आता गहू वगळून मेतकूट करतो, आणि हिंग तांदळाच्या पिठातला, डबी वाचून आणतो. चवीत फरक पडला नाही.

दुसरी वाट सापडली ती गिरणीत. गिरणीत माझ्या नाचणीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. दगडाच्या खाचांत, पिठाच्या नळीत, खालच्या कापडी पिशवीत त्याचं पीठ बसलेलं असतं आणि पुढच्या दळणात मिसळतं. गिरणीवाले तात्या भले माणूस. म्हणाले, ‘बाई, तुमचं दळण सकाळी पहिलं लावतो, आधी दोन मुठी तांदूळ फिरवून काढून टाकतो.’ त्यांनी ते मनापासून केलं. पण गिरणीत पीठ हवेतच उडत असतं, त्याला तात्या काय करणार? शेवटी आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही, असा नियम केला. ज्यांना घरघंटी परवडत नाही, त्यांनी माळ्यावरचं जातं काढावं, घासून धुवावं आणि फक्त तांदूळ-नाचणीसाठी ठेवावं. रोजचं एका माणसाचं दळण फार नसतं.

तिसरी वाट नावांची. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. मासे तळताना रवा लावतात. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. दुधात घालायच्या कित्येक पावडरींत माल्ट असतं आणि माल्ट म्हणजे बहुधा मोड आणलेला जव. हॉटेलात बटाटेवडा बेसनाचा म्हणून खावा, तर त्याच कढईत आधी समोसे तळलेले. घरातसुद्धा पोळीचं पोळपाट-लाटणं, पिठाचा डबा, तूप काढायचा चमचा यांतून गहू फिरत असतो. यातलं एकेक किरकोळ दिसतं.

‘एवढ्याशानं काय होतंय?’ हा प्रश्न मला हजार वेळा विचारला गेला आहे, म्हणून त्याचा हिशेब सांगते. एका मध्यम पोळीत साधारण तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आहार पाळणाऱ्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तर तेवढ्यानंही आतड्याच्या लवेचं नुकसान दिसलं. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती? एका पोळीचे साठ तुकडे करा आणि त्यातला एक उचला. एवढं. म्हणूनच आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं, तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

या तिन्ही वाटा बुजवल्या आणि २०१७ च्या उन्हाळ्यात टीटीजीचा आकडा खाली आला. जुलाब थांबले. पण पोट फुगणं थोडं राहिलंच. आता दुसरा शोध सुरू झाला. यात गव्हाचा संबंध नव्हता, आणि हेच लोकांच्या लक्षात येत नाही. गहू सोडणाऱ्या माणसाला पुढचा प्रत्येक त्रास गव्हाचाच वाटतो.

पहिलं निघालं दूध. दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य आतड्याच्या त्या लवेच्या टोकाशीच तयार होतं. लव झडली की दूध पचत नाही. पोट गुडगुडतं, फुगतं. डॉक्टरांनी काही महिने दूध बंद करायला सांगितलं. दही-ताक चाललं, कारण विरजणात त्या साखरेचा काही भाग आधीच संपलेला असतो. लव पुन्हा उगवायला मोठ्या माणसात बराच काळ लागतो, कधीकधी एक-दोन वर्षंही. माझी उगवली तसा अर्धा कप दुधाचा चहा परत आला. त्या दिवशी मला सण झाल्यासारखं वाटलं.

दुसरी निघाली नाचणी. म्हणजे दोष नाचणीचा नव्हता, प्रमाणाचा होता. २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हापासून शहरातही नाचणीचं कौतुक सुरू झालं आहे. कौतुक योग्यच आहे. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, चोथा आहे. पण नाजूक आतड्यावर एकदम दोन वेळा नाचणीच्या जाड भाकऱ्या आदळल्या, तर पोट फुगणारच. मी आंबिलीपासून सुरुवात केली. रात्रभर आंबवलेली नाचणी पोटाला हलकी जाते. मग अर्धी भाकरी, मग एक. याउलट जे नुसत्या पांढऱ्या भातावर आणि साबुदाण्यावर राहतात, त्यांना बद्धकोष्ठ होतं. त्यालाही ते ‘ग्लूटेनचा त्रास’ म्हणतात. तो चोथ्याच्या अभावाचा त्रास असतो. त्याला भाजी, फळं, बिनसडीचा तांदूळ आणि पाणी हवं.

तिसरे निघाले कडवे वाल आणि कांदा. आमच्याकडे वालाचं बिरडं म्हणजे जीव की प्राण. पण वाल, हरभरा, कांदा, लसूण यांत अशा काही साखळ्या असतात, की त्या लहान आतड्यात पचत नाहीत; मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि वायू होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात या विषयावर पुष्कळ काम झालं आहे. यातलीच फ्रुक्टन नावाची साखळी गव्हातही असते. नॉर्वेत ५९ जणांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या लोकांना सिलिॲक नव्हता, पण गव्हानं त्रास होतो म्हणून त्यांनी आपणहून ग्लूटेन सोडलं होतं. त्यांना कशात काय आहे ते न सांगता ग्लूटेन असलेल्या, फ्रुक्टन असलेल्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या आठवडा-आठवडा खायला दिल्या. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टनच्या वड्यांनी. म्हणजे गहू सोडून बरं वाटलं, म्हणून ग्लूटेनच दोषी असं होत नाही. मी बिरडं सोडलं नाही. वाल नीट भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजवून, वाटीऐवजी दोन चमचे घेते. पोट तेवढं सोसतं.

उपासाच्या पदार्थांबद्दलही बोललं पाहिजे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, यांपैकी कशातच ग्लूटेन नाही. आपल्या उपासाचा फराळ जवळजवळ सगळा गव्हावाचूनचा आहे, ही आपल्यासारख्यांची केवढी सोय! पण दोन गोष्टी जपा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यावर तूप आणि दाण्याचं कूट. रोजच खाल्ला तर पोट जड होणारच. आणि भगरीचं पीठ. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात, महाशिवरात्रीला आपण वाचतो. दमट हवेत साठवलेल्या भगरीला, विशेषतः तिच्या पिठाला, बुरशी धरते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनासुद्धा ओल येते. तेव्हा अख्खी भगर आणावी, निवडून धुवावी आणि पीठ लागेल तेवढंच घरी करावं.

चौथी गोष्ट अन्नातली नव्हतीच. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जुलाब लागले. वही चाळली, काही सापडेना. टीटीजी ठीक होती. डॉक्टरांनी शौचाची तपासणी केली, तर जिआर्डिया निघाला, गढूळ पाण्यातून येणारा जंतू. तो आतड्याच्या त्याच भागाला त्रास देतो आणि लक्षणं थेट सिलिॲकसारखी दिसतात. आठवड्याभराच्या औषधानं बरं वाटलं. त्या वर्षापासून पावसाळ्यात आमच्याकडे पाणी उकळल्याशिवाय पीत नाहीत. पाणी उकळायचं राहून तांदूळ बदलत बसले असते, तर कधीच बरी झाले नसते. म्हणून सांगते, वजन उतरत असेल, रात्री उठून जावं लागत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आणखी एक कळकळीची विनंती. पोट बिघडतंय, गव्हाचा संशय येतोय, तर तपासणीच्या आधी गहू सोडू नका. गहू बंद केला की रक्तातल्या खुणा पुसट होतात, आतड्याची लव भरून येते आणि तपासणी खोटंच ‘सगळं ठीक’ सांगते. मग आजार आहे की नाही, हे कळतच नाही. आधी तपासणी, मग पथ्य. आणि सिलिॲक नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उगाच गहू सोडू नका. पाकिटातली ग्लूटेनमुक्त बिस्किटं आणि केक पौष्टिक असतात असं समजू नका. त्यांत बहुधा स्टार्च, साखर, चरबी आणि चिकटपणासाठी गोंद असतो. मी स्वतः ती खाऊन पोट फुगवून घेण्यापेक्षा तांदळाची धिरडी करते.

हा आजार घराण्यात चालतो. रुग्णाच्या आई-वडिलांना, भावंडांना, मुलांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून डॉक्टरांनी माझ्या भावंडांची तपासणी करायला सांगितली. धाकट्या भावाच्या रक्तात खुणा निघाल्या, म्हणून त्याच्या मुलीचीही तपासणी झाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला जुलाब नव्हते, पोटदुखी नव्हती. फक्त वर्गात सगळ्यांत बुटकी, फिकट, आणि मैदानावर लवकर दमायची. ‘आमच्याकडे मुली बारीकच असतात,’ असं सगळे म्हणायचे. तिलाही सिलिॲक निघाला. आता ती बारावीत आहे आणि माझ्याहून दोन बोटं उंच आहे. शिक्षिका म्हणून त्यानंतर मी वर्गातल्या मुलांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. मूल वाढत नाही, रक्त वाढत नाही, गोळ्यांचा उपयोग होत नाही, असं दिसलं, तर पालकांना एकदा डॉक्टरांकडे जा म्हणते. प्रत्येक वेळी सिलिॲक नसतोच. पण कारण काही तरी असतं.

सगळ्यांत अवघड भाग पोटाचा नाही, पंगतीचा आहे. आपल्याकडे नको म्हणणं म्हणजे अपमान. हळदीकुंकवाला गेलं, की ताटलीत करंजी येते. लग्नात विहीणबाई हातानं जिलबी भरवायला येतात, आणि जिलबी मैद्याची. सुरुवातीला मी ‘उपास आहे’ सांगायची. मग गावात चर्चा, की बाईंचे उपास फार वाढलेत! नंतर मी सरळ सांगायला लागले, ‘मला गहू चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलाय. मला वरण-भात वाढा, हिंगाची फोडणी नको.’ एकदा स्पष्ट सांगितल्यावर लोकांनी फार चांगलं समजून घेतलं. आमच्या वाडीत आता कुणाकडे गणपती बसले, की माझ्यासाठी उकडीचे मोदक वेगळ्या चाळणीत ठेवलेले असतात. तांदळाची उकड, नारळ, गूळ. माझ्या पथ्यात बसणारा याहून चांगला नैवेद्य कुठला!

श्रोत्यांमध्ये जे निरोगी आहेत, त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी असा कुणी जेवायला आला, तर त्याला ‘घे रे, एक घास’ असा आग्रह करू नका. त्याच्या भातावर वाढायचा चमचा वेगळा ठेवा. हिंगाची डबी एकदा वाचा. आणि तुमच्याच घरात कुणी गहू सोडूनही कण्हत असेल, तर ‘हिला काहीच चालत नाही’ असं म्हणून सोडून देऊ नका. तिच्याबरोबर बसा, वही उघडा आणि आठवड्याला एकाच पदार्थाचा छडा लावा. मला दीड-दोन वर्षं लागली. आता माझ्या ताटात भात आहे, भाकरी आहे, ताक आहे, थोडं बिरडंसुद्धा आहे, आणि हिमोग्लोबिन साडेबारा आहे.